फुग्याची जनावरं

साठी उलटल्यावर माणसाला एखादा नाद लागावा, याला माझी ना नाही. कुणी भजनात बसतं, कुणी पारावर पत्ते कुटतं. आमच्या शेजारच्या सोपानने गावठी कोंबड्या पाळल्या. आमच्या ह्यांना फुगे पिळायचा नाद लागला.

आणे गावच्या यात्रेत आमटी-भाकरीच्या पंगतीला बसायचं सोडून हे एका परक्या फुगेवाल्यापाशी उकिडवे बसले. तो लांबडे फुगे पंपाने फुगवायचा, त्यांना जागोजागी पीळ द्यायचा आणि बघता बघता घोडा करून पोराच्या हातात ठेवायचा. दिवस कलला तरी हे हलेनात. शेवटी घरी निघालो तेव्हा ह्यांच्या पिशवीत एक हातपंप आणि फुग्यांची पुडकी होती. मी तिथेच यात्रेत कपाळाला हात लावला.

तेव्हापासून आमच्या बोरी गावात कुणाचं बारसं असो, वाढदिवस असो, सण असो, हे पंप घेऊन हजर. पैसा घ्यायचे नाहीत, नुसती हौस. पोळ्याला बैलांच्या शिंगांना फुग्यांचे तुरे बांधले. बैल हलगीला बुजला नाही, पण कानाशी तुरा फुटला तसा दावं तोडून सोपानच्या मक्यात शिरला. दिवाळीत पोरांच्या किल्ल्यावर फुग्याचे मावळे उभे केले. त्यातला एक पणतीवर कलंडला. माझी म्हैस तेवढ्यात धारेला उभी होती. तो आवाज ऐकून तिने पान्हा चोरला तो दुसऱ्या दिवसापर्यंत.

"अवं, म्हशीनं खाल्लेली पेंड फुग्यातून वसूल व्हनार हाय का?" मी म्हणाले.

"म्हशीला सवय व्हईल," हे म्हणाले. "तुला झाली का न्हाई?"

मला झाली नव्हती. आणखी एक जाच होता. हे लांबडे फुगे आळेफाट्याला मिळायचे नाहीत. पुण्याहून कुणी येणार असेल तर त्याच्या मागे लागून मागवावे लागायचे. म्हणून ह्यांनी फुगा फुटू द्यायचा नाही असा नियम केला. पोरांचं खेळून झालं की जनावर परत आणायचं, गाठ सोडून हवा काढायची, रबराला पावडर लावायची आणि फुगा डब्यात ठेवायचा. आता ह्यांची बोटं नांगर धरून जाड झालेली. गाठ मारता यायची, सोडता यायची नाही. मग चुलीपाशी यायचे.

"सूरजच्या आई, तेवढी गाठ सोड."

तव्यावर भाकरी, हात पिठाचे, आणि मी फुग्याच्या तोंडाची कड नखाने ओढत बसायची. घाई केली तर फुटतो. कड हळूहळू ताणायची, अंगठ्याने गाठ मागे लोटायची, मग ती सैल होते. नको असलेली विद्या माणूस लवकर शिकतो.

ह्यांची अजून एक खोड होती. जनावर करून झालं की पोराला ते लगेच द्यायचे नाहीत. आधी नाव ठेवायला लावायचे. "नावाबिगर जनावर दावणीला येत न्हाई," म्हणायचे. मग गावात फुग्याचा खंड्या, फुग्याची कपिला, फुग्याचा राजा. आमचा सूरज चाकणला कंपनीत होता. तो सुट्टीला आला की बापाला म्हणायचा, "आबा, फाट्यावर मला लोक फुगेवाल्याचा सूरज म्हनत्यात. पंधरा एकराचं नाव राहिलं बाजूला."

हे हसायचे. मला हसू यायचं नाही.

आळेफाट्याला केवलचंद शेठचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागेच घर. मारवाडी जैन माणसं, पण दोन पिढ्यांपासून इथलीच. त्यांच्या घरी आमच्या म्हशीचं दूध सूरज व्हायच्या आधीपासून जायचं. शेठाणी सज्जनबाईंशी माझं चांगलं जमायचं. मी त्यांना भाभी म्हणायची. बाई मायाळू, पण नेमाची. त्यांच्या घरी भाजी कापली असं म्हणत नसत, भाजी सुधारली म्हणत. कांदा-लसूण नाही. दिवस मावळायच्या आत जेवणं आटपायची. एकदा मी पोरांसाठी हत्ती-घोड्यांच्या आकाराची बिस्किटं नेली, तर त्यांनी पुडा हळूच परत माझ्या पिशवीत ठेवला. "घोड्याचं डोकं दातानं तोडायचं, ते लेकराच्या मनात नको राहायला, साळुबाई," म्हणाल्या. मला तेव्हा ते जरा जास्तच वाटलं होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकताना खोटंही वाटलं नव्हतं.

त्यांचा नातू पीयूष पाच वर्षांचा होणार होता. सून रीना पुण्याची. तिला वाढदिवसाला फुगे हवे होते. मी दूध घालायला गेले तेव्हा भाभींनीच विषय काढला. "भिमाजीभाऊंना घेऊन ये. म्हणतात, हुबेहूब हरीण करतात."

मी घरी येऊन सांगितलं तर हे चप्पल घालूनच बसले, जणू वाढदिवस आत्ताच होता.

"ऐका," मी म्हणाले. "ती मोठ्या घरची मानसं हायती. तिथं काही इपरीत झालं तर मला त्या दारात दूध घेऊन जायला तोंड ऱ्हानार न्हाई. काय बी बिघडलं, तर हा पंप दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला जाईल. कबूल?"

"कबूल."

"असं न्हाई. म्हशीच्या पाठीवर हात ठिवून सांगा."

ह्यांनी गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं. मी मनात म्हटलं, सुटले एकदाची.

वाढदिवसाच्या दिवशी दुपारी आम्ही जीपने फाट्यावर गेलो. शेठच्या घरात पताका, मधोमध बिनअंड्याचा केक, पोरांचा गलका. हे कोपऱ्यात सतरंजीवर बसले आणि पंप मारायला लागले. खरं सांगते, त्या दिवशी हात चांगला चालत होता. पोपट झाला, हत्ती झाला, हरणं झाली. त्या वर्षी आमच्याकडे उसात बिबट्यांचा सुळसुळाट होता, म्हणून पिवळ्या फुग्याचा बिबट्याही केला आणि त्यावर स्केचपेनने ठिपके दिले. पोरं ओरडत मागे सरली. केवलशेठ गल्ला सोडून बघायला आले. भाभी पदराआड हसत होत्या.

"भाऊ, हा बिबट्या शेळ्या तर नाही खाणार?" शेठ म्हणाले.

"वारं पिऊन ऱ्हातो, शेठ," हे म्हणाले. "तुमच्यापेक्षा बी कडक उपास."

पीयूषला कुत्रा हवा होता. ह्यांनी पांढरा कुत्रा केला आणि नेहमीसारखं विचारलं, "नाव काय ठिवायचं?"

"मोती."

मग सगळ्या पोरांनी मोतीला हाका मारल्या. भाभींनीही मारली. मोतीला केकजवळ बसवलं. आणि कुणाचं लक्ष नसताना पीयूषने पताकेची टाचणी काढून मोतीच्या पोटात खुपसली. फट् झालं. पोरं हसली. पीयूष टाळ्या वाजवत ओरडला, "मोतीला मारला, मोतीला मारला."

भाभींचा चेहरा उतरला. त्यांनी पोराच्या हातातली टाचणी काढून घेतली आणि कॉटवर बसल्या.

"मम्मी, फुगा होता तो," रीना म्हणाली.

"फुगा होता तेव्हा फुगा होता," भाभी म्हणाल्या. "मग आकार दिला. नाव दिलं. ये मोती म्हणून मी पण हाक मारली. मग मारला, अन् वर टाळ्या. आज वाढदिवस आहे त्याचा, बेटा."

शेठ चष्मा पुसायला लागले. पीयूषला आपण काय केलं ते कळलं नव्हतं, पण आजी रागवली एवढं कळलं आणि त्याने भोकाड पसरलं. मला ती बिस्किटं आठवली. बिस्किटाचा घोडा ध्यानात होता, पण फुग्याचा कुत्राही त्याच जातीचा, हे ना माझ्या डोक्यात आलं ना भाभींच्या.

"हे सगळे घेऊन जा, भाऊ," भाभी हलक्या आवाजात म्हणाल्या. "माझा राग नाही तुमच्यावर. पण इथे एक पण फुटायला नको."

गाठी सोडायच्या त्या घरी चुलीपाशी, पण तिथवर घेऊन जायचे कसे? जीपमध्ये माणसाला बसायला जागा नसते, तिथे हत्ती आणि बिबट्या कुठे बसवणार. उन्हात टपावर ठेवले तर नारायणगावपर्यंत आवाज गेला असता. हे हातात हरीण धरून उभे राहिले होते. माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "दे पंप भंगारात. तू जितलीस."

मी जिंकले होते. दोन वर्षं जे मागत होते ते हातात आलं होतं. आणि मला ह्यांचाच संताप आला. घरी म्हशीने पान्हा चोरला तरी हटला नाही हा माणूस, आणि इथे एका टाचणीपुढे हार मानली. त्यात पोर रडतंय, भाभी खाली बघत बसल्यात, आणि माझं त्या घरातलं येणं-जाणं त्या रबराच्या तुकड्यासारखं जमिनीवर पडलंय.

"आना ते हरीण इकडं," मी म्हणाले.

मी पीयूषला मांडीवर घेतलं. हरणाचे पीळ उलगडले, फुग्याचं तोंड शोधलं, कड नखाने ओढली. "हे बघ, बाळा. ह्याला मारायचं न्हाई. ह्याला सोडायचं." गाठ सैल झाली तशी मी फुग्याचं तोंड त्याच्या चिमटीत दिलं. "म्हन, जा रानात."

"जा रानात," तो मुसमुसत म्हणाला आणि चिमूट सोडली.

फुगा सूं करत छतापर्यंत गेला, पंख्याला वळसा घातला, शेठच्या टोपीला चाटून गेला आणि शोकेसमागे पडला. पोरं खिदळली. पीयूष रडता रडता हसला.

भाभींनी मान वर केली. त्यांच्याकडे वाढदिवसाला पक्षी विकत घेऊन सोडायची चाल होती, हे मला माहीत होतं. कुणाच्या आजारपणात पांजरपोळला चारा जायचा. त्यांनी शोकेसकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सुटलं?" त्यांनी विचारलं.

"सुटलं. त्या कपाटामागं माळशेज लागतो, तिकडं गेलं."

"मग सगळ्यांना सोडा," भाभी म्हणाल्या आणि उठून उभ्या राहिल्या. "जेवण दिवस मावळायच्या आत व्हायचंय. लवकर करा."

सगळ्यांना सोडा म्हणजे कुणी, ते सांगायला नको. मी सतरंजीवर बसले. पोरं एकेक जनावर आणत होती, मी गाठ सोडत होते. हे लगेच ताजेतवाने झाले. "ह्याला आण्याच्या पठारावर धाडा, तिथं वारं लई." प्रत्येक जनावराला ह्यांच्याकडे जागा होती. गाठ मात्र एकही सोडली नाही. माझं एक नख मुळापासून दुखायला लागलं. पानात वाढलेला शिरा गार झाला.

शेवटी बिबट्या राहिला. पोरं मागे सरली.

"ह्याला फाट्यावर नको," शेठ म्हणाले. "लोक मला दुकान उघडू देणार नाहीत."

"जीव आहे," भाभी म्हणाल्या. "सोडा."

भाभींनी स्वतः चिमूट धरली. बिबट्या दारातून बाहेर गेला आणि ओट्यावरच्या चपलांत पडला. भाभींनी तो उचलला, ठिपक्यांवरून बोट फिरवलं आणि ह्यांच्या हातात दिला. "दिवाळीला परत आणा, भाऊ. साळुबाईला पण."

परतीच्या जीपमध्ये हे पंप मांडीवर घेऊन बसले होते. बोरीचा फाटा आला. तसं मी म्हणाले, "काय बिघडलं का न्हाई, ते अजून ठरायचंय."

"म्हशीला इचारू," हे म्हणाले.

आता बोलावणी फाट्यावरून येतात, बेल्ह्याहून येतात, निमगाव साव्याहून येतात. निरोप असा असतो की फुगे करायला भिमाजीभाऊ आणि सोडायला साळुबाई. परवा निरोप आला तेव्हा मी धारेला बसले होते. हे गोठ्याच्या दारात उभे राहिले, हातात खोबरेलाची बाटली घेऊन.

"नखांना लाव," म्हणाले. "रविवारी लई जनावरं हायती."

मी बाटली घेतली आणि आधी म्हशीच्या सडांना तेल लावलं.