पुढचा खांदा

माडवेळच्या माणसांना समुद्राचं कौतुक कधीच नव्हतं. वाटणी व्हायची तेव्हा भाताची शेतं वरचढ भावांना जायची, आणि ज्याला भांडायला जमत नसे त्याच्या पदरात किनाऱ्याची वाळू पडायची. शिवदासच्या आजोबांच्या पदरात ती तशीच पडली. थोडे माड, दारापुढे बसायचं बाल्कांव असलेलं कौलारू घर, आणि पुढे नुसती रेती. गोवा मुक्त झाला तरी त्या रेतीकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग लांब केसांचे गोरे आले, उघडेबोडके वाळूत लोळले. गावाने नाकं मुरडली आणि घरातल्या खोल्या त्यांना भाड्याने दिल्या. पुढे शिवोलीचा पूल झाला, फेरीबोटीची रांग संपली आणि बड्या लोकांच्या गाड्या थेट पेडण्यात उतरू लागल्या. बघता बघता शेतवाले भाऊ वाळूवाल्या भावांशी गोड बोलायला शिकले.

शिवदासने जागा विकली, त्यात जगावेगळं काही नव्हतं. सगळेच विकत होते. पण त्याने एक चूक केली, आणि ती माडवेळचाच माणूस करू जाणे. माघी पौर्णिमेला रवळनाथाची पालखी समुद्रस्नानाला जाते, ती त्याच्याच अंगणातून. ही वाट उघडी ठेवा, असं तो घेणाऱ्याला तोंडाने बोलला. कागदावर घातलं नाही. देवाच्या वाटेला कागद लागतो हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. घेणारा हसून हो म्हणाला, आणि शिवदासने देवळात सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की वाट बंद झाली तर पालखीचा पुढचा खांदा आमच्या घराण्याकडून काढून घ्या. पिढ्यानपिढ्यांचा तो मान. त्याच्या घरात दुसरं मिरवण्यासारखं होतं तरी काय!

त्या जागेवर हॉटेलचं बांधकाम चाललं होतं तोवर पालखी विटांच्या ढिगाऱ्यांतून गेली. यंदा मात्र हॉटेल उघडलं होतं. उंच कुंपण, लोखंडी गेट आणि आत दिल्लीकडच्या कुणाचं तरी लग्न.

पालखी गेटसमोर येऊन थांबली तेव्हा सूर्य माडांच्या शेंड्यांखाली उतरला होता. ढोल हळूहळू थांबले. देवळातून उठलेली पालखी समुद्र येईपर्यंत खाली टेकवायची नाही, माघारी फिरवायची नाही, आणि सूर्य बुडायच्या आत देवाला खारं पाणी लागलं पाहिजे. हे माडवेळच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"बाबली, गेट उघड," पालखीची दांडी खांद्यावर घेतलेला शिवदास म्हणाला.

गेटवरचा बाबली सावंतवाडीकडचा, देवभोळा माणूस. त्याने आतूनच हात जोडले. "माका सायबान बजावलेला आसा. आज कोणाकच सोडूचा नाय. माझी नोकरी जायत, शिवदासबाब."

मग मॅनेजर आला. पांढराशुभ्र शर्ट, हातात फोन. हिंदीतून अगदी गोड बोलला. मागच्या रस्त्याने वळसा घालून जा, म्हणाला. देवाला वळसा घालायला सांगणारा माणूस माडवेळने पहिल्यांदाच पाहिला. मागच्या गर्दीत तरण्या पोरांची कुजबुज वाढली. कुणीतरी रस्त्याकडेचा दगड उचलला.

"विकतना वाट याद जावक ना?" मागून आवाज आला. कुणाचा ते शिवदासने वळून पाहिलं नाही. पालखी खांद्यावर असताना मान वळवता येत नव्हती, आणि आली असती तरी त्याची हिंमत नव्हती. त्याला भीती वाटत होती. त्याच्यामुळे देव कोरडा परत जाणार होता, किंवा त्याच्यामुळे कुणाचं तरी डोकं फुटणार होतं.

पालखीपुढे काठी घेऊन चालणारे गावचे मानकरी गोकुळदास त्याच्याजवळ आले. "शिवदास, तुवें शब्द दिल्लो," एवढंच म्हणाले. शिवदासचा खांदा सोलवटून निघाला होता. त्याने दात आवळले आणि दांडी तशीच धरून ठेवली.

तेवढ्यात लग्नाचे पाहुणे गेटजवळ जमले. नटलेल्या बायका, सुटाबुटातले पुरुष, सगळ्यांच्या हातात कॅमेरे. त्यांच्यातलं कुणीतरी मॅनेजरच्या कानाला लागलं. मॅनेजरचा चेहरा पालटला. त्याने पालखीकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं, आणि बाबलीला खूण केली. गेट उघडलं.

ढोल पुन्हा घुमले. शिवदासच्या डोळ्यांत पाणी आलं. देवाने लाज राखली, असं त्याला मनापासून वाटलं.

वाटेवरच्या प्रत्येक घरासमोर पालखी थांबते आणि घरची बाई देवाला ओवाळते. शिवदासचं घर आता नव्हतं. बाल्कांव होतं तिथे दारूचा लांबलचक काउंटर होता. तरी पाय सवयीने तिथेच थांबले. त्याची बायको प्रभावती गावातल्या नव्या घरून तबक घेऊन आली होती. ती पुढे झाली, काउंटरकडे पाठ करून उभी राहिली आणि देवाला ओवाळलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

मॅनेजर लगबगीने पुढे आला. सर्वांचे फोटो नीट आले नाहीत, बाईंनी या बाजूला तोंड करून पुन्हा एकदा ओवाळावं, म्हणाला.

प्रभावतीने नवऱ्याकडे पाहिलं. तो नको म्हणाला असता, तर पुन्हा बाचाबाची, पुन्हा खोळंबा, आणि सूर्य तर पाण्याला टेकायला आला होता. शिवदासने नजर खाली घातली. प्रभावतीने ज्योत विझू नये म्हणून तबकाला पदराचा आडोसा केला, मॅनेजरने दाखवलेल्या बाजूला वळली आणि देवाला पुन्हा ओवाळलं. पुन्हा टाळ्या.

"पुढच्या वर्षी आम्ही इथे दिवे लावू," मॅनेजर खूश होऊन शिवदासला हिंदीत सांगत होता. "बाईंना नऊवारी नेसून यायला सांगा. पाहुण्यांना आधीच कळवून ठेवू."

सूर्य बुडायच्या आत देवाला स्नान घडलं. सगळा गाव गुडघाभर पाण्यात उभा राहिला. मघाशी दगड उचलणारी पोरंही आता हसत होती. गोकुळदासांनी शिवदासच्या पाठीवर हात ठेवला.

"तुजो शब्द राहिलो. फुडचो खांदो तुमच्याच घराचो."

शिवदास ओल्या वाळूकडे पाहत होता. थोडी पलीकडे प्रभावती पाठमोरी बसून समुद्राच्या पाण्याने तबक घासत होती. काजळी निघून गेली तरी ती घासतच होती.

"परततना दुसऱ्या कोणाक दी," तो म्हणाला. "फुडल्या वर्साय."

"कित्याक रे? वाट मेळली न्हय?"

"मेळली," शिवदास म्हणाला. त्याने दांडीखाली खांद्यावर घेतलेली पंच्याची घडी काढली आणि गोकुळदासांच्या हातात दिली.

परतताना हॉटेलच्या अंगणात पाहुणे पुन्हा दोन्ही बाजूंना उभे होते. पालखी काउंटरपाशी थांबली. मॅनेजरने गर्दीत तबकवाल्या बाईला शोधलं. ती सापडली नाही. शिवदास आणि प्रभावती वळसा घालून, मागच्या रस्त्याने घरी चालले होते.