चाळीसवरचा काटा

मित्रांनो, मी एका जुन्या ट्रकचा स्पीडोमीटर आहे. गोल चेहरा, पांढरे आकडे, तांबडा काटा. आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेलो आहे. माझ्या नावानं खूप खडे फोडले गेले, आणि माझा गुन्हा काय, तर मला शिकवलं तेवढंच मी बोललो.

कारखान्यात मला एकच धडा मिळाला. गिअरबॉक्समधून एक केबल माझ्यापर्यंत येते. चाकं फिरली की ती फिरते, आणि तिच्या फेऱ्यांवरून मी वेग सांगतो. चाक एका फेऱ्यात किती रस्ता कापतं, ते मला जन्मतःच पाठ करून दिलेलं. बाहेरचा रस्ता मला दिसत नाही हो. दिसते ती केबिन, आणि स्टिअरिंगमागचा माणूस.

तो माणूस म्हणजे सावकाशराव. हे त्याचं टोपणनाव. आमच्या गाडीत खिडक्यांच्या मोठमोठ्या काचा असायच्या, लाकडी चौकटीत उभ्या बांधलेल्या, मध्ये पेंढा. टेकडीखालच्या वळणावर तो मला बरोबर चाळीसवर आणायचा आणि मगच स्टिअरिंग फिरवायचा. "काटा चाळीसवर, काच जागेवर," असं गुणगुणायचा. वर्षानुवर्षं त्या वळणावर एक तावदान तडकलं नाही. रोज सकाळी तो आधी माझी काच पुसायचा, मग समोरची. बायकोला म्हणायचा, "हा माझा थोरला भाऊ. सांगेल ते खरं." अशा वेळी काटा शून्यावर असला तरी माझी छाती फुगायची.

मग सावकाशराव तापानं अंथरुणाला खिळला आणि त्या दिवसांत शेठनं, म्हणजे गाडीच्या मालकानं, टायर बदलले. कुठून तरी चांगले मिळाले म्हणून घेतले. शेठ केबिनमध्ये बसला होता आणि मिस्त्री खिडकीशी उभा होता.

"शेठ, हे टायर मूळच्यापेक्षा मोठे आहेत. गाडी जास्त पळणार आणि काटा कमी दाखवणार. गिअरबॉक्समधलं केबलचं छोटं चक्र बदलावं लागेल."

"राहू दे रे! सावकाशराव काय काट्याकडे बघून चालवतो? हात बसलाय त्याचा."

"मग निदान त्यांना सांगा तरी."

"सांगतो की!"

मित्रांनो, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. पण मला तोंड कुठंय?

सावकाशराव परत आला, पायरीवर पाय टाकला आणि कण्हला. "आजारपणानं गुडघे गेले वाटतं, पायरी उंच लागतेय." मग खाली उतरून त्यानं विचारलं, "शेठ, टायर जरा मोठे नाहीत का वाटत?"

"नवे आहेत हो. झिजले की बसतील."

शेठ म्हणाला ना, मग झालं. पुढं विचारायचं कशाला!

त्या फेरीला त्याची बायकोही सोबत होती. वळण जवळ आलं तशी ती म्हणाली, "अहो, आज झाडं जास्तच पळतायत."

त्यानं माझ्या काचेवर टिचकी मारली. "झाडांचं काय घेऊन बसलीस? हा बघ, चाळीस."

मी चाळीसच सांगत होतो. जुन्या चाकांवर ते चाळीसच होते. नव्या चाकांवर गाडी शेहेचाळीसनं वळणात शिरली. मागे आधी करकर झाली आणि मग अख्खी चौकट आडवी. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

"शप्पथ सांगतो शेठ, काटा चाळीसवर होता," सावकाशराव शेठच्या आवारात सगळ्यांसमोर म्हणाला.

"नाचता येईना, अंगण वाकडं! मीटरवर काय ढकलता? वय झालं म्हणा. पुन्हा असं झालं तर घरी बसा."

आणि शेठला ठाऊक होतं हो! केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

लोक गेल्यावर सावकाशराव केबिनमध्ये येऊन बसला. बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "शेठ काहीही बोलू दे. तू तरी खोटं बोलायला नको होतंस." आणि त्यानं माझ्या चेहऱ्यावर चिकटपट्टी लावली, आडवी आणि उभी. चोर सोडून संन्याशाला सुळी! शेठचं मला वाईट वाटलं नाही, तो कधी आपला नव्हता. पण ह्यानं?

त्यानंतर तो भीत भीत चालवू लागला. मागून गाड्या हॉर्न मारायच्या, आणि तो त्या पट्टीकडे बघून पुटपुटायचा.

एक दिवस बायको पुन्हा सोबत असताना पुढचं चाक पंक्चर झालं. त्यानं स्टेपनी लावली, जॅक उतरवला, आणि मी एका बाजूला कललो. बाहेरून त्याच्या बायकोचा आवाज आला, "अहो, हे चाक बुटकं कसं?"

स्टेपनी जुनीच होती ना! ती बदलायचं शेठला सुचलं नव्हतं. सावकाशरावानं काढलेलं चाक स्टेपनीशेजारी उभं केल्याचं मला ऐकू आलं. "सहा बोटं उंच आहे हे," तो म्हणाला. केबिनमध्ये येऊन त्यानं पट्टी सोलून काढली. "तू अजून जुन्याच चाकांवर वेग सांगतोयस होय रे?"

शेठच्या आवारात मिस्त्रीनं खिडकीशी मान खाली घालून सांगितलं, "मी त्याच दिवशी शेठना बोललो होतो."

"अहो, राहून गेलं," शेठ हसला. "त्यात काय एवढं!"

"राहून गेलं, हे मानतो," सावकाशराव म्हणाला. "पण मी चारचौघांत शप्पथ घेत होतो, तेव्हा तरी आठवायचं होतं."

तो केबिनमध्ये चढला, बाहीनं माझी काच पुसली, किल्ली माझ्याखाली ठेवली. उतरताना पायरीवर थांबून बायकोला म्हणाला, "गुडघे चांगले आहेत गं माझे." मग दोघं चालत गेली.

आता नवा ड्रायव्हर आलाय. चक्र अजून जुनंच आहे. मित्रांनो, चाकं बदललीत तर काट्यालाही त्यांचं माप द्या. तेवढं जमत नसेल, तर काट्यावर विसंबणाऱ्या माणसाला निदान खरं सांगा. या नव्याला अजून कुणी काही सांगितलेलं नाही. काचा भरून झाल्यात, आणि वळणापाशी तो मला चाळीसवर आणणार आहे.

आज सकाळी त्यानं सगळ्यात आधी माझी काच पुसली.