रिकामे रीळ

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. परवा कोठीतल्या सामानाची यादी झाली. कारकुनाने माझ्या चामडी पिशवीचा खण उघडून पाहिला आणि कागदावर लिहिले, "टेपरेकॉर्डर एक, नादुरुस्त. शिंप्याचे लाकडी रीळ एक, रिकामे, निरुपयोगी." पहिल्या वाक्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा पट्टा तुटला आहे आणि एक बटण दाबले की वर येत नाही. पण दुसरे वाक्य चुकीचे आहे, आणि चुकीचे काही कानावर पडले की गप्प बसणे माझ्या स्वभावात नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. ओळीने बसलेल्या बायकांनी माझ्या तारा जोडल्या. शेवटी एका चष्मेवाल्या गृहस्थांनी माझ्यासमोर "एक, दोन, तीन" म्हटले आणि मी ते जसेच्या तसे परत म्हणून दाखवले. "ठीक," एवढेच ते म्हणाले. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. तेव्हापासून मला एका गोष्टीचा गर्व आहे. माझ्या दोन चक्रांवरून तपकिरी फीत फिरते, ऐकलेले सगळे त्या फितीवर उतरते, आणि त्यात मी पदरचे काही घालत नाही.

मी आलो तो क्षयरोगाचा दवाखाना होता. पिवळट भिंती, लांब बाके, औषधाच्या खिडकीपाशी रोग्यांच्या कार्डांचे एक खोके. दर शनिवारी मोठे डॉक्टर एखाद्या वस्तीत जाऊन भाषण करत. ते फुफ्फुसांचा तक्ता भिंतीवर टांगत आणि लाखांचे आकडे सांगत. डॉक्टर हुशार होते आणि कळकळीचेही होते. पण पाचव्या मिनिटाला मागच्या रांगेत जांभया सुरू होत. त्या सगळ्या जांभया मी टिपल्या आहेत. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरे काय!

लोकांना माहिती सांगायच्या कामावर तिथे एक बाई होत्या. सगळे त्यांना नुसतेच 'बाई' म्हणत. एका शनिवारी परत येताना त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "डॉक्टर, आकडा कुणाच्या ओळखीचा नसतो हो. शेजारचा माणूस ओळखीचा असतो. त्यालाच बोलू द्या ना."

डॉक्टरांनी थोडी कुरकुर केली आणि होकार दिला. मग बाई मला खांद्याला लावून दारोदार फिरू लागल्या. त्यांची एक पद्धत होती. आधी परवानगी विचारायची, मग मला टेबलाखाली ठेवून द्यायचे आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या. समोरचा माणूस मला विसरला की त्याचा खरा आवाज यायचा. तळ्यावरच्या कोळ्याने माशांची पिल्लेही ओढणारे बारीक जाळे का सोडून दिले ते मी अशाच गप्पांत ऐकले. पाणी उकळायचा आळस एका आईला केवढ्याला पडला, तेही असेच ऐकले. माणूस मनातले बोलायच्या आधी जरासा थांबतो. ते थांबणेसुद्धा माझ्या फितीवर उमटे.

असेच एकदा आम्ही शिंपीकाकांच्या दुकानात गेलो. दहा वर्षांपूर्वी त्यांना क्षय झाला होता आणि आता ते पूर्ण बरे होते. पाय मशीनवर, तोंडात टाचण्या, बोलणे तिरकस. बाईंनी खूप वेळ बाहीच्या मापांवर गप्पा मारल्या, तेव्हा कुठे काका मूळ गोष्टीवर आले.

"दोन महिन्यांत खोकला थांबला, बाई," काका म्हणाले. "अंगात तरतरी आली. चार घास जास्त जायला लागले." मग ते थांबले. मशीनचा आवाजही थांबला. "आणि तिथेच मी माती खाल्ली. बरा झालो असं समजून औषध सोडलं. पाच महिन्यांत दुखणं उलटलं. तोवर माझी पोरगी माझ्या मांडीला टेकून बटणं ओवत बसायची हो. तिलाही माझ्यामुळेच लागलं. मग दोघांनी दीड वर्ष औषध घेतलं, एक दिवस चुकवला नाही." त्यांनी पुन्हा मशीन सुरू केले. "आज बघा, मी ठणठणीत आहे. दिवसाला तीन सदरे शिवतो."

दवाखान्यात परत आल्यावर डॉक्टरांनी गोष्ट ऐकली. ते म्हणाले, "फार लांब आहे. आठ मिनिटांत बसवा. आणि लोकांना घाबरवू नका, आशा द्या." बाईंनाही ते पटले. शिवाय काकांची मुलगी आता सतरा वर्षांची होती. चारचौघांत तिच्या आजाराचा बोभाटा कशाला, असे त्यांच्या मनात आले. त्यांनी ब्लेड घेतले, फीत दोन ठिकाणी तिरकी कापली आणि दोन टोके पांढऱ्या चिकटपट्टीने जोडली. आता काका म्हणत होते, "दोन महिन्यांत खोकला थांबला, बाई. अंगात तरतरी आली. चार घास जास्त जायला लागले. आज बघा, मी ठणठणीत आहे."

मित्रांनो, त्यातला शब्द न् शब्द खरा होता. सांधा तेवढा खोटा होता.

बाईंनी ती गोष्ट आधी काकांना ऐकवली. काका मान खाली घालून मशीनला तेल घालत राहिले. "छान झालंय," ते म्हणाले. मग त्यांनी बाईंच्या हातातला कापलेल्या फितीचा गुंता पाहिला आणि दोऱ्याचे एक रिकामे रीळ पुढे केले. "यावर गुंडाळा. टाकू नका, पण वाजवूही नका. दुखणं तिला माझ्यामुळे लागलं, हे पोरीला ठाऊक नाही." बाईंनी फीत रिळावर गुंडाळून माझ्या कापडी पिशवीत ठेवली.

मग आमचा बोलबाला झाला. वस्त्यावस्त्यांतून बोलावणी येऊ लागली. बायका डोळे पुसत, पुरुष उगाच खाकरत, आणि शेवटच्या वाक्याला टाळ्या पडत. दवाखान्यातली रांग वाढली. डॉक्टरांनी फुफ्फुसांचा तक्ता गुंडाळून कपाटावर टाकला. बाईंचा सत्कार झाला आणि मला ही चामडी पिशवी मिळाली; रीळ तिच्या खणात गेले. मी हवेत होतो. सांधा माझ्या पोटातून जाताना दर वेळी बारीकसा 'टिक्' आवाज येई. तो मला ऐकू येत होता, पण टाळ्या पडत असताना अशा आवाजाकडे कोण लक्ष देतो? मीही दिले नाही.

सात-आठ महिन्यांनी बाई कार्डांचे खोके लावत होत्या. लावता लावता त्यांचे हात थांबले. पाच कार्डांवर दोन महिन्यांच्या खुणा होत्या आणि पुढे काहीच नव्हते. पाचही माणसे आमच्या गोष्टीनंतर रांगेत आलेली होती. बाईंनी मला उचलले आणि पहिल्या कार्डावरचा पत्ता गाठला.

ती इस्त्रीवाली होती. अरुंद खोली, मधोमध टेबल, त्यावर चादरींची चळत. खाली कपड्यांच्या गाठोड्याला टेकून तिचा तीन वर्षांचा मुलगा झोपला होता. तिने बाईंना लगेच ओळखले.

"तुम्हीच ना त्या टेपवाल्या बाई? बसा ना. तुमच्या शिंप्याची गोष्ट मी दोनदा ऐकली. त्याच्यासारखंच केलं बघा. दोन महिने औषध घेतलं, खोकला थांबला, मग सोडलं." एवढे बोलून ती खोकू लागली. टेबल धरून खोकत राहिली. तो खोकला मी अनेक घरांतून ऐकला होता. मुलगा जागा होऊन तिच्याकडे पाहत होता.

"अहो, तसं नव्हतं ते," बाई म्हणाल्या. "औषध दीड वर्ष घ्यायचं असतं. तुम्ही आजच चला माझ्याबरोबर. या लेकरासाठी तरी चला."

"तुम्ही तसंच सांगणार. दवाखान्याची माणसं तुम्ही, तुमचं कामच ते." इस्त्रीवाली रागावली नव्हती, तिला फक्त पटत नव्हते. "तो शिंपी बिचारा स्वतःच्या तोंडानं खोटं कशाला बोलेल? हा खोकला वाफेचा आहे माझा."

बाई बाहेर येऊन पायरीवर बसल्या. मी त्यांच्या मांडीवर होतो. रीळ माझ्या खणात होते, फीत त्यावर होती, आणि जोडायला पाच मिनिटे पुरली असती. बाईंनी खण उघडला, रीळ हातात घेतले आणि पुन्हा आत ठेवले. दुसऱ्याचा शब्द त्याला न विचारता वाजवायचा नाही, हे त्यांनी आयुष्यभर पाळले होते. त्या दिवशी मला त्यांचा फार राग आला. आज येत नाही.

आम्ही तसेच शिंपीकाकांकडे गेलो. "काका, चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "तुमचं बोलणं मी कापलं आणि भलतीकडे जोडलं. एक बाई त्याच्यावर विश्वासून औषध सोडून बसली आहे. तिच्या पायाशी तीन वर्षांचं पोर झोपतं. माझ्यावर तिचा भरवसा नाही. तुमच्यावर आहे."

काकांनी टाचण्या तोंडातून काढून वाटीत टाकल्या. "चूक एकट्या तुमची कशी? ऐकून गप्प मीही बसलोच ना," ते म्हणाले. "पण घरात आम्ही सांगत आलोय, ती गार पाण्यात खेळली म्हणून आजारी पडली. दहा वर्षं सांगतोय. आता कुठल्या तोंडानं सांगू तिला?"

बाईंनी मला उचलले आणि त्या निघाल्या. त्या रात्री आणि पुढचा दिवसभर मी दवाखान्याच्या टेबलावर पडून होतो. बाई दर थोड्या वेळाने दाराकडे बघत.

तिसऱ्या दिवशी सकाळी काका आले. बरोबर त्यांची मुलगी होती. तिला त्यांनी काय सांगून आणले होते कोण जाणे. आम्ही चौघे इस्त्रीवालीच्या खोलीत गेलो. हो, मी स्वतःलाही मोजतो. बाईंनी मला टेबलावर ठेवले आणि बटणाकडे हात नेला.

"ते बंद राहू द्या, बाई," काका म्हणाले. "मीच सांगतो."

आणि त्यांनी सांगितले. उभ्यानेच सांगितले. दोन महिन्यांनी काय केले, पाच महिन्यांनी काय झाले, मांडीला टेकून कोण बसत असे. तिरकस बोलणे कुठल्या कुठे गेले होते. मधे एकदा ते थांबले, तेव्हा इस्त्रीवालीने इस्त्री टेबलावरून उचलून बाजूला उभी केली. मुलगी दारात उभी होती. तिने बापाकडे पाहिले नाही. ती गाठोड्यापाशी बसलेल्या मुलाकडे बघत होती.

बंद टेपरेकॉर्डरलाही ऐकू येते, मित्रांनो. फक्त त्याच्याजवळ काही उरत नाही. माझ्या आयुष्यात ऐकलेले सगळ्यात मोलाचे बोलणे माझ्या एकाही फितीवर नाही.

"म्हणजे पुन्हा पहिल्यापासून?" इस्त्रीवालीने विचारले.

"पहिल्यापासून," काका म्हणाले.

मग मुलगी पहिल्यांदा बोलली. "मावशी, इंजेक्शन दुखतं. एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे द्यायला सांगा. मी तसंच घ्यायचे." ती बाहेर निघाली. दोन पावले जाऊन परत आली आणि बापाच्या हातातली शिवलेल्या कपड्यांची जड पिशवी तिने स्वतःकडे घेतली.

पायरी उतरताना काका बाईंना म्हणाले, "आता जोडा तो तुकडा."

इस्त्रीवालीने औषध पुरे केले. तिचा मुलगा तपासणीत निरोगी निघाला. पण तिच्या छातीची एक बाजू कायमची अधू झाली. दवाखान्याचा जिना चढताना ती दोनदा बसे. उरलेल्या चारांपैकी दोघे परत आले. एकाने गाव सोडले होते, त्याचा पत्ता लागला नाही. आणि एकाच्या घरी आम्ही पोचलो तेव्हा दाराबाहेर माणसे जमली होती. बाई बाहेरच्या बाहेर परतल्या. त्यांनी ते कार्ड खोक्यातून काढले नाही. सेवानिवृत्त होईपर्यंत ते सगळ्यांत पुढे ठेवले.

पुरी गोष्ट वाजू लागल्यावर पूर्वीसारख्या टाळ्या पडेनात. लोक गप्प उठत आणि आपापल्या घरी जात. आमचे नाव थोडे कमी झाले. पण खोक्यातल्या कार्डांवर तिसऱ्या महिन्याच्या खुणा दिसू लागल्या, मग सहाव्या, मग अठराव्या. मला टाळ्यांची सवय लागली होती, म्हणून सुरुवातीला चुकल्यासारखे वाटे, हे कबूल करतो.

पुढे बाई गेल्या, नवी यंत्रे आली, माझा पट्टा तुटला आणि मी कोठीत आलो. माझ्यावर धूळ आहे. ती पुसलीत तर मला बरे वाटेल, पण त्यासाठी मी हे सांगितले नाही. आता तुमच्या प्रत्येकाच्या खिशात ऐकणारे यंत्र आहे. तुम्ही आजाऱ्याची गोष्ट सांगाल, आटणाऱ्या तळ्याची सांगाल, पाखरांची सांगाल. माणसाच्या तोंडून सांगा, लोक ऐकतील. पण ऐकणारा त्यावर विश्वास ठेवून घरी जाणार आहे, आणि तसेच वागणार आहे. त्याला आवडणार नाही तेवढाच भाग कापू नका. आणि ज्याची गोष्ट आहे त्याला विचारल्यावाचून ती वाजवू नका.

तर कारकूनसाहेब, तेवढा एक शब्द खोडा. ते रीळ निरुपयोगी नाही. त्याच्यावर एके काळी एक फीत होती, ती आता जिथे असायला हवी तिथे आहे. रीळ रिकामे आहे, हे मात्र तुम्ही बरोबर लिहिलेत. ते तसेच रिकामे राहू द्या.