प्लस बॉडीला

मी जे सांगतो त्यातलं निम्मं खोटं असतं. कुठलं निम्मं, हे ओळखायचं काम वर्षानुवर्षं एकट्या वाळूकडं होतं. मी सावळ्या, एसटीत कंडक्टर, पेठ आणि सटाण्याच्या गाड्यांवर. तो नाशिकजवळ मखमलाबादच्या मळ्यात फुलं आणि भाजी पिकवणारा. ड्युटी संपली की मी मळ्यात जाऊन बांधावर बसायचो, एखादी थाप सोडायचो, आणि झेंडू खुडता खुडता वाळू म्हणायचा, "चल, थापाड्या." एवढ्यावर आमची दोस्ती चालली. सटाण्याच्या गाडीत मी एकदा वाघाचं हाफ तिकीट फाडलं होतं, हे सांगितलं तेव्हा तो पाटाच्या पाण्यात खाली बसून हसला होता. वर म्हणाला, "हाफ का रे? वाघ काय शाळेत जात व्हता?" असं गिऱ्हाईक पुन्हा मिळत नाही.

सत्त्याण्णव साली दसऱ्याच्या तोंडावर त्याची बायको गोजरा दवाखान्यात होती. साधा ताप आहे असं सगळेच धरून चालले होते. मुलगा महेश तिच्याजवळ थांबला आणि वाळू झेंडू खुडायला मळ्यात परतला, कारण दसऱ्याचा झेंडू कोणासाठी थांबत नाही. सकाळी ती गेली. बापाला सांगायची महेशची छाती होईना, म्हणून मला पाठवलं.

मी बांधावर उभा राहून सांगितलं. वाळूनं वर न बघता म्हटलं, "चल, थापाड्या," आणि खुडत पुढं गेला. मी तिथंच उभा राहिलो. सरी संपल्यावर त्यानं पाटी खाली ठेवली आणि माझ्या तोंडाकडं पाहिलं.

त्यानंतर वाळूनं मला कधी खोटं ठरवलं नाही.

तेरावं झाल्यावर मी एक लहानशी थाप मारून पाहिली. म्हटलं, काल पंचवटीत रॉकेलच्या रांगेत एक गाय उभी होती, कार्ड दाखवून घेऊन गेली. वाळू म्हणाला, "असेल." मला वाटलं, लक्ष नसेल. दुसऱ्या दिवशी तीच गाय मी पामतेलाच्या रांगेत उभी केली. "असेल."

तो रडत नव्हता, चिडत नव्हता. समोर ठेवलं ते खायचा, सांगितलं तिथं बसायचा. महेश टेम्पो घेऊन पहाटे फुलबाजारात जायचा, वाळू त्याला भावसुद्धा विचारायचा नाही. एकदा वाळूची सून उज्वला मला गोठ्यामागं घेऊन गेली.

"काका, आज भाजीत मीठच घातलं नाय मी. मुद्दाम."

"मग?"

"मुकाट्यानं जेवले. काल दुप्पट घातलं व्हतं, तवाबी तसंच. म्हशीनं तोंड फिरवलं आसतं."

"मी काय करू, पोरी?"

"भांडायला लावा त्यांना. माझ्याशी, तुमच्याशी, कोनाशीबी. घरात मानूस बसलाय का मूर्ती, तेच कळंना झालंय."

गाडीचं त्यावरून माझ्या डोक्यात आलं.

मळ्याच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये एक मॉरिस मायनर पडून होती. देवळालीच्या एका बंगल्यात वाळू गुलछडी पोचवायचा. तिथली म्हातारी पारशी बाई मुलाकडं कायमची निघाली तेव्हा बंद पडलेली ही गाडी तिनं वाळूला देऊन टाकली. वाळूनं ती बैल जुंपून देवळालीहून मखमलाबादला आणली. आता ही गोष्ट मी सांगितली की लोक हसतात, पण ती त्या खऱ्या निम्म्यातली आहे. तेव्हापासून गाडी एकदाही चालू झाली नव्हती. गोजरावहिनीनं तिचं कोठार केलं होतं. पुढं बियाणं, मागं कांदे, आणि काचा वर केल्या की डास येत नाहीत म्हणून ती मागच्या सीटवर बसून हार ओवायची.

मी म्हटलं, "वाळू, ही गाडी चालू करू आपण."

"करू."

"तुला येतं का काही?"

"नाय."

"मलाही नाही."

"असेल."

सुरुवात कांदे काढण्यापासून झाली. कोंबडीची पिसं, उंदराचं घर, गंजून जाळी झालेली फरशी. सीटच्या कापडात दोरा ओवलेली सुई खोचलेली सापडली. वाळूनं ती काढली, टोपीच्या काठात खोचली आणि माझ्याकडं पाना मागितला. मी पाना दिला.

इंजिन गच्च बसलं होतं. प्लग काढून भोकांतून डिझेल ओतलं आणि ठेवून दिलं. रोज येऊन आम्ही हँडल लावायचो, ते हलायचं नाही, मग आम्ही बसून राहायचो. एक दिवस ते किंचित फिरलं. वाळूला मी म्हटलं, "फिरलं!" तो म्हणाला, "फिरलं." कुणी आज अमावस्या आहे म्हटल्यावर हो म्हणावं, तितक्या सपाट आवाजात.

टायर फियाटचे बसले. पेट्रोलची नळी कुजली होती, तिथं फवारणी पंपाचा पाइप घातला. रेडिएटरची गळती डाग देऊन बंद केली, कार्बोरेटर रॉकेलमध्ये उकलून धुतला, आणि जोडताना एक स्प्रिंग उरली ती आजतागायत माझ्या खुंटीवर आहे. हे सगळं चालू असताना माझं तोंडही चालू होतं. कामाचं निमित्त, मला त्याच्याकडून एक "नाही" हवं होतं.

मी सांगितलं, ही गाडी ज्या गोऱ्या साहेबाची होती तो कसारा घाट रिव्हर्समध्ये चढला, कारण रिव्हर्स गिअरला ताकद जास्त. तोंड मुंबईकडं आणि गाडी नाशिककडं. इगतपुरीच्या लोकांना वाटलं साहेब मुंबईला चालला, म्हणून त्यांनी हार घालून निरोप दिला. निरोप घेत घेत साहेब घोटीला आला.

"असेल," वाळू म्हणाला आणि प्लग घासत राहिला.

या गाडीला वळताना दाराच्या खांबातून एक पिवळा हात बाहेर येतो, आताच्यासारखा दिवा नाही. मी सांगितलं, मनमाडच्या फाटकापाशी साहेबानं तो हात काढला आणि आगगाडीच्या ड्रायव्हरला वाटलं थांबायचा सिग्नल आहे. आगगाडी जागच्या जागी थांबली. लोकांनी उतरून भजी खाल्ली, एका जोडप्याचं तिथंच जमलं, आणि साहेबाला वळायचंच नव्हतं, चुकून हात लागला होता.

"असेल."

पिंपळगावला पेट्रोल संपलं म्हणून द्राक्षाचा रस घातला, गाडी घरी आली पण सरळ चालेना, गाणी म्हणत आली, हेही सांगून झालं. वाळूनं मान हलवली. मला पूर्वी थाप मारली की अंगात जरा गरम वाटायचं. आता वाटेना. नळ सोडून ठेवावा तसं मी बोलत होतो. घरी गेल्यावर मलाही जेवणाची चव लागत नव्हती आणि ते मी कोणाला सांगितलं नाही.

डायनामो मी भद्रकालीत गोटीराम मिस्त्रीकडं नेला होता. त्यानं तो साफ करून, फिरवून दाखवला आणि मला बजावलं.

"ही जुनी विलायती गाडी. हिचा बॅटरीचा प्लस बॉडीला जातो. ट्रॅक्टरसारखा मायनस नाय. उलटी लावली तरी चालू होईल ती, फसू नको. पन जरा रेस केली की डायनामो आन् बॅटरी एकमेकाचा गळा धरतील. वायर जळंल, डायनामो जळंल, मग माझ्याकडं रडत यायचं नाय."

मी मळ्यात आलो. वाळू नव्या बॅटरीपाशी उकिडवा बसला होता. ट्रॅक्टरच्या सवयीनं त्यानं बॉडीची जाड वायर मायनसकडं ओढली होती.

"प्लस बॉडीला," मी म्हटलं.

त्याचा हात थांबला. "काय?"

"प्लस बॉडीला लावायचा. मायनस आत."

"नाय."

मी चुकीचं ऐकलं असं मला आधी वाटलं.

"ट्रॅक्टरला काय लावतो आपन?" वाळू म्हणाला.

"मायनस."

"टेम्पोला?"

"मायनस."

"महेशच्या मोटारसायकलीला?"

"मायनस. पण ही जुनी विलायती..."

"विलायती मंजी काय तिची बॉडी सोन्याची हाय?"

"गोटीराम मिस्त्रीनं सांगितलं."

"गोटीरामनं! वाघाचं हाफ तिकीट फाडायलाबी गोटीरामनंच सांगितलं व्हतं का? चल, थापाड्या."

मला आनंद झाला असं सांगायला हवं. ज्यासाठी पाच-सहा महिने हात काळे केले ते कानानं ऐकलं होतं. आनंद झाला नाही. हे दोन शब्द तो शेवटचे कधी म्हणाला होता ते आम्हा दोघांनाही माहीत होतं, आणि तेव्हाही मी खरंच सांगत होतो.

त्याला पटवायचं तर अवघड नव्हतं. बॅटरीचा प्लसचा खुंटा जाड असतो, मायनसचा बारीक. बॉडीच्या वायरचा क्लॅम्प मुळात जाड खुंट्याच्या मापाचा होता, तो मायनसवर ढिला बसत होता. वाळूनं डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून मध्ये घातली. दुसरा क्लॅम्प प्लसवर जाईना, तो त्यानं हातोडीनं पसरवला. गाडी आपल्या परीनं ओरडून सांगत होती. मी नुसतं बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं.

बोट दाखवलं की वाळू काय म्हणणार, हे मला दिसत होतं. "असेल" म्हणणार, आणि वायरी बदलणार. मी खिशात हात घालून उभा राहिलो.

"बस आत," तो म्हणाला. मग त्यालाच काय वाटलं कोण जाणे. "नको. मीच बसतो."

त्यानं किल्ली फिरवली, लाल दिवा लागला, पेट्रोलचा पंप टकटक करून गप्प झाला. त्यानं स्टार्टरची दोरी ओढली. गाडी खोकली. पुन्हा ओढली, पुन्हा खोकली. मग नळीतून काळं काहीतरी उडालं आणि गाडी चालू झाली. फटफट करत, हलत, शेडचा पत्रा थरथरवत. कोंबड्या पळाल्या. उज्वला घराच्या दारात येऊन उभी राहिली, पिठाचे हात तसेच.

वाळूनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बघ! काय म्हनत व्हतास?"

मिस्त्री चुकला की काय, असं मला क्षणभर वाटलं. वाळूचं तोंड माझ्याकडं होतं, काहीतरी ऐकायला थांबलेलं.

"हो बाबा," मी म्हणालो. "थाप होती."

आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललो. इतकं सपाट कधी बोललो नव्हतो.

वाळूनं मान डोलावली आणि रेस केली.

आवाज चढला, लाल दिवा विझला, आणि बॉनेटखालून कड् असं काहीतरी वाजलं. आधी वास आला, जळक्या रबराचा. मग धूर. मी पाना शोधायला वळलो तोवर वाळू बाहेर येऊन बॉनेटपाशी पोचलाही होता. पांढऱ्या धुरात हात घालून त्यानं तो ढिला क्लॅम्प मुठीत धरला आणि उपटला. पट्टीसकट निघाला. इंजिन दोन झटके देऊन मेलं.

धूर पत्र्याला लागून पसरला. वाळू वायर हातात धरून उभा होता.

"खरं व्हतं?" त्यानं विचारलं.

"हो."

"मग आता थाप व्हती आसं का म्हनालास?"

मी धुराकडं बघत राहिलो.

"तोंड शिवलंय का? एरवी मनमाडची आगगाडी थांबवतोस, आन् एवढं एक वाक्य धरून बसता आलं नाय तुला? माझ्या हातावर फटका मारायचास! भाड्या, गाडी पेटली आसती, शेड पेटलं आसतं, तू पेटला आसतास!"

"सांगितलं होतं मी."

"एकदा सांगितलं! एकदा सांगून माझा इस्वास बसंल का तुझ्यावर?"

उज्वला धावत आली. "काय झालं? आबा, काय झालं?"

वाळूनं तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि चेहऱ्यावरची रेघही न हलवता म्हणाला, "यानं बॅटरी उलटी लावली."

"काका!" उज्वला माझ्यावर तुटून पडली. "येत नाय तर हात कशाला लावायचा? म्हाताऱ्या मानसाला घेऊन जाळायचा बेत व्हता का? भांडायला लावा म्हनलं व्हतं मी, घराला आग लावा नव्हतं म्हनलं!"

मी खाली मान घालून ऐकून घेतलं. वाळूही ऐकत होता, आणि ती थांबली तेव्हा त्यानं भर घातली, "मिस्त्रीनं सांगूनबी ऐकलं नाय यानं." मी त्याच्याकडं बघितलं. हसत नव्हता. नुसता माझ्याकडं बघत होता, मी काय करतो ते.

मग त्यानं मूठ उघडली. वायर खाली पडली. तळव्यावर क्लॅम्पचा गोल लाल उठला होता आणि कडेनं कातडी पांढरी पडायला लागली होती. बराच वेळ तो त्या हाताकडं बघत राहिला.

"दुखतंय गं," तो सुनेला म्हणाला.

उज्वलानं त्याचा हात धरून त्याला पाटाकडं नेलं आणि वाहत्या पाण्यात मनगटापर्यंत बुडवला. तो तिथं मातीतच बसला. "लय दुखतंय," पुन्हा म्हणाला, आणि ती म्हणाली, "दुखू द्या, आबा, हात काढू नका," आणि तोंड दुसरीकडं करून दंडानं डोळे पुसले. पिठाचा पट्टा तिच्या गालावर उमटला.

मी शेडमध्ये राहिलो. बॉनेटमध्ये वाकून पाहिलं. डायनामोची वायर वितळून चिकटली होती, आतलं तांबं काळं पडलं होतं. बोल्ट अजून तापलेले होते, निवल्याशिवाय पाना लागणार नव्हता. गोटीराम मला काय काय बोलेल ते मी मनाशी जुळवून पाहिलं. मग पेटीतून बारीक पाना शोधायला घेतला.

पाटावरून वाळूचा आवाज आला. "सावळ्या! एकटा हात लावू नको तिला. मी येतो. उद्या मिस्त्रीकडंबी मीच येनार, तू काय सांगशील तिथं, भरवसा नाय."