अर्धी टाकी

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे, पण मला नुसती गाडी म्हटलेलं आवडत नाही. माझ्या पोटात पलंग आहे, शेगडी आहे, कोनाड्यात छोटा गणपती आहे आणि डोक्यावर पाण्याची टाकी आहे. चालू लागले की मी गाडी आणि थांबले की घर.

जन्मले तेव्हा मात्र मी शाळेची बस होते. अंगावर पिवळा रंग आणि पोटात तीस पोरं. थंडीच्या सकाळी सांगलीतून निघाले की कृष्णेवरचं धुकं माझ्या काचांना येऊन चिकटायचं, आणि पोरं त्यावर बोटांनी आपापली नावं लिहायची. दिवसभर ती नावं अंगावर मिरवत मी हिंडायचे. पुढे मी म्हातारी झाले. माझ्या जागी नवी बस आली आणि मला कुपवाडच्या एका वर्कशॉपमागे नेऊन उभं केलं. चाकांतली हवा गेली. सीटखाली मांजरीने पिल्लं घातली. तिथे पाच पावसाळे मी अर्धवट झोपेत काढले. झोपेत मला पोरांचा कलकलाट ऐकू यायचा आणि जाग आली की ती मांजराची पिल्लं निघायची. चालून झिजलेलं परवडतं हो, पण उभ्या उभ्या गंजण्याचं दुखणं फार वाईट.

मग एके दिवशी सयाजीआप्पा आले. आप्पा म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. लष्कराचे मोठे ट्रक त्यांनी थेट बर्फातून चालवलेले. त्यांनी माझ्या बॉनेटवर थाप मारली, दुसरी बॅटरी जोडून इंजिन सुरू करवलं, कान लावून ऐकलं आणि वर्कशॉपच्या धुळा मिस्त्रीला म्हणाले, "मशीन लय ब्येस हाय, गड्या. पत्रा गंजलाय म्हणतोस, तर पत्रा माझा बी गंजलाय."

त्या शब्दासाठी मी त्यांना सगळं माफ केलं. पुढे बरंच माफ करायची वेळ येणार होती.

बाकं काढून माझं घर करायला दोन महिने धुळा मिस्त्री माझ्यावर खपला. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या कारखान्यांतले कामगार दुचाक्या थांबवून मला बघून जायचे. "आप्पा, गावात चांगलं घर असताना ह्ये कशाला वो?" असं जो तो विचारायचा. आप्पा म्हणायचे, "नोकरीत असताना पाव्हण्यावानी चार दिस यायचो आन जायचो. आता सवडीनं समद्यांच्या दारात जायचंय."

हे खरं होतं, पण अर्धंच. खरी गोष्ट शिरवळच्या दाराची होती.

शिरवळला आप्पांची एकुलती एक लेक राहते, पूजा. तिची आई, बनुबाई, दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून पूजाचं एकच पालुपद, "आप्पा, माझ्याकडं येऊन ऱ्हावा." पण आप्पांच्या घरात एक जुना नेम होता. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. आप्पांच्या वडिलांनी, आबांनी, तो पाळला, आजोबांनी पाळला. पूजाच्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि तिला मूल नव्हतं. लेकीजवळ राहायचं आणि नेमही मोडायचा नाही, म्हणून आप्पांनी मला बनवून घेतलं. स्वतःचं छप्पर, स्वतःची शेगडी, स्वतःचं पाणी घेऊन लेकीच्या अंगणात उतरायचं. याला म्हणतात साप मरावा पण काठी मोडू नये. पण इथे साप कोण, हेच आप्पांना कळलं नव्हतं.

पहिल्या खेपेला पूजा मला बघून अंगणभर नाचली. तिने माझं स्टिअरिंग फिरवून पाहिलं, ती पलंगावर लोळली. मग घरात जाऊन कपभर चहा घेऊन आली. आप्पा हसून म्हणाले, "माझा गाडीत उकळतोय की गं." पूजाने कप परत नेला आणि जाता जाता चहा अंगणातल्या पेरूच्या बुंध्याशी ओतला. दुसऱ्या खेपेला तसंच. त्या पेरूने जेवढा चहा प्यायला, तेवढा गावातल्या कुणी प्यायला नसेल.

यंदा ऐन वैशाखात आम्ही तिसऱ्यांदा निघालो. आदल्या दिवशी पूजाचा फोन आला होता. आप्पा माझ्या सीटवर बसूनच बोलत होते, त्यामुळे मी सगळं ऐकलं. "आप्पा, माझ्या घरचं घोटभर पानी घेणार असाल तर या. न्हाईतर या खेपंला येऊच नका." आप्पांनी फोन खिशात टाकला. मग उठून त्यांनी माझी टाकी काठोकाठ भरली आणि वर एक कॅनही भरून घेतला. हट्टी माणूस! धुळा म्हणाला, "आप्पा, टाकीखालचा जोड मला मनाजोगता वाटंना. बदलूया का?" आप्पा म्हणाले, "आल्यावर बघू."

वाटेत कराडला राहीबाईंकडे, म्हणजे आप्पांच्या धाकट्या बहिणीकडे थांबलो. बहिणीला नातवंडंसुद्धा झालेली, त्यामुळे तिथे नेमाचा प्रश्न नव्हता. आप्पांनी तीन वेळा चहा घेतला, आमरस ओरपला. निघताना राहीबाई माझ्या खिडकीशी आल्या. "आवं दादा, पोरीच्या घरचं पानी तेवढं पीत जावा की. कुठल्या काळातलं धरून बसलायसा?"

"आबांनी पाळलं, म्या बी पाळणार," म्हणत आप्पांनी मला गिअरमध्ये टाकलं.

कराड मागे पडलं आणि मी माझ्या नेहमीच्या तंद्रीत शिरले. दोन्ही बाजूंनी उसाची हिरवाई सरकत होती, डांबरावर दूर पाणी असल्याचा भास हलत होता. मला वाटलं, मी पुन्हा पिवळी झाले आहे आणि पोटात पोरं आहेत. त्या तंद्रीत धुळाच्या जोडाने कधी दम सोडला ते मला कळलंच नाही. टाकीतलं पाणी थेंब थेंब हमरस्त्यावर गळत राहिलं. भुईंजजवळ माझं इंजिन तापलं. आप्पांनी कॅनमधलं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं आणि त्यांच्या वाटणीचं ते पाणी मी गटागटा प्याले. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

खंबाटकीचा बोगदा ओलांडून भर दुपारी आम्ही शिरवळला पूजाच्या अंगणात थांबलो. दार बंद होतं. आप्पांच्या घशाला कोरड पडली होती. त्यांनी माझा नळ सोडला, तर नुसता फुस्स आवाज आला. कॅन उलटा केला, तोही रिकामा. ते खाली उतरले तेव्हा दार उघडून पूजा पायरीवर उभी होती, हातात पाण्याचा तांब्या. मागे जावई शंभूराज.

आप्पांनी तांब्याकडे पाहिलं. मग त्यांची नजर समोरच्या दुकानाकडे गेली. तिथे पाण्याच्या बाटल्या टांगलेल्या होत्या. ती नजर पूजाने ओळखली.

"दुकानातलं इकतचं पानी चालतंय आप्पा, आन माझं न्हाई?" ती पायरीवरूनच म्हणाली. "मला मूल न्हाई म्हणून. दवाखानं झालं, नवस झालं. लोकं एकदा बोलत्यात आन इसरत्यात. तुमी मातर दर खेपंला माझा कप परत देऊन मला त्येच सांगता."

नेम आप्पांना तोंडपाठ होता, पण त्यातून लेकीला काय ऐकू येतं हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"पूजा," ते कसेबसे म्हणाले, "तुला असं वाटत आसंल, ह्ये कवा मनात आलंच न्हाई गं माझ्या. लय चुकलं माझं."

त्यांनी तांब्या घेतला. वर धरून धार तोंडात सोडली आणि तांब्या रिता होईपर्यंत थांबले नाहीत. निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं. पूजा रडत रडत हसू लागली. मग आप्पा तोंड पुसत म्हणाले, "एवढ्यानं भागायचं न्हाई. माझी टाकी बी भर."

शंभूराजने धावत जाऊन सायकलच्या ट्यूबची पट्टी आणली आणि जोड आवळून बांधला. पूजा स्वतः पाइप घेऊन माझ्या शिडीवरून टपावर चढली. टाकी माझी लोखंडी कवटीच आहे म्हणा ना. तापलेल्या डोक्यात ते गार पाणी उतरत गेलं आणि मला एकदम कृष्णेवरच्या धुक्याची सकाळ आठवली.

त्या दिवसापासून पेरूला चहा मिळत नाही. आप्पा शिरवळला महिना महिना राहतात, आणि पूजा कधीमधी हौसेने माझ्या पलंगावर झोपते, म्हणते, "माझं म्हायेर माझ्या दारात आलंय."

आता कुपवाडहून निघताना आप्पा माझी टाकी अर्धीच भरतात. जोड केव्हाच नवा घातला आहे, तरीही. धुळा म्हणतो, "आप्पा, वर लय जागा हाय की अजून."

आप्पा म्हणतात, "ती पूजाची हाय."

तेव्हा मित्रांनो, माझ्यासारखी एखादी म्हातारी गाडी कुठे कोपऱ्यात उभी दिसली, तर तिला पुसा, चालवा, गंजू देऊ नका. आणि आपल्या माणसाच्या दारात जाल, तेव्हा थोडे तहानलेले जा.