पहिला झोका

मित्रांनो, मी एक जुना झोपाळा आहे. जुना म्हणजे वयाने हं! वापराने मी अगदी कोरा करकरीत. माझ्या पाटावर आजवर एकच जण बसलं, आणि तेही इतक्या उशिरा की आठवलं तरी जीव कासावीस होतो.

माझा जन्म एका लोहाराच्या दुकानात झाला. सगळे त्यांना मामा म्हणत. शहर तेव्हा भराभर वाढत होतं आणि मामांच्या वस्तीत पोरांना खेळायला वीतभरही मोकळी जागा नव्हती. नगररचना कार्यालयातल्या एका बाईंनी वस्तीमागचा पडीक माळ नकाशावर बागेसाठी हिरवा रंगवला होता. "मोठा रस्ता न ओलांडता मुलांना बागेत जाता आलं पाहिजे," हा त्यांचा हट्ट. वरचे साहेब मात्र आज करू, उद्या करू म्हणत राहिले. तेव्हा बाईंनी शक्कल लढवली. बाग व्हायच्या आधीच त्यांनी झोपाळा करायला सांगितला. झोपाळाच तयार असला की बागेला नाही म्हणायला कुणाची जीभ रेटणार नाही, असं त्यांना वाटलं. भोळ्याच हो बाई!

मामांनी मला जीव ओतून घडवलं. चार पायांवर भक्कम उभा राहणारा, लोखंडी. त्यांची एकुलती एक लेक चिमणी सारखी भट्टीभोवती घुटमळायची. मामांनी तिला जवळ उभं करून तिच्या पायांच्या मापाने माझ्या साखळ्या बेतल्या.

"पाय अधांतरी राहिले पाहिजेत, तरच झोक्याची मजा," मामा म्हणाले. "पहिला झोका तुझा, बरं का!"

"आणि दुसरा?"

"दुसराही तुझाच गं बाई. मग बाकीच्यांचा."

मला कार्यालयाच्या भांडारात आणलं, तेव्हा भांडार सांभाळणाऱ्या काकांनी कपाळावर हात मारला. "घ्या! बाजारात तुरी म्हणतात ते हेच. बागेचा पत्ता नाही आणि झोपाळा हजर!" त्यांनी माझ्या साखळ्या गोणपाटात गुंडाळल्या आणि मला भिंतीशी लावून ठेवलं.

चिमणी मामांचं बोट धरून मला बघायला यायची. "एकदाच बसू द्या ना, काका!"

"बाळा, बागेत लागायच्या आधी कुणाला बसू दिलं तर माझी नोकरी जाईल. थोडी कळ काढ."

ती माझ्या लाल रंगावरून हात फिरवायची आणि निघून जायची. दर वेळी तो हात थोडा वर पोहोचायचा.

तिकडे माळाचे लचके तुटत होते. रस्ता रुंद करायचा म्हणून आधी एक पट्टी गेली. मग पाण्याच्या टाकीने कोपरा घेतला. मग गाड्या ठेवायला जागा हवी, म्हणून निम्मा माळ गेला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, दुसरं काय! शेवटी बाईंनी उरलेल्या तुकड्याला स्वतः टेप लावली आणि भांडारात येऊन रंगाच्या डब्यावर मटकन बसल्या.

"काका, झोपाळा उभा राहील हो, पण पुढेमागे झुलायला जागाच नाही. जो तो म्हणतो, एवढंसंच तर घेतोय."

बोलता बोलता त्या रडू लागल्या. मलाही फार वाईट वाटलं. पुढे त्यांची बदली झाली आणि बागेचं नाव काढणारं कुणी उरलं नाही.

त्यानंतर मी नुसता गंजत पडलो. माझ्या अंगावर जुन्या कुंड्या आणि मोडक्या खुर्च्या रचल्या गेल्या. मामा वारल्याचं काकांच्या तोंडून कळलं, तेव्हा मला टाहो फोडावासा वाटला. पण झुलल्याशिवाय मला कुरकुरताही येत नाही.

आणि आज भांडार रिकामं करायचा हुकूम आला. काकांनी चिमणीला निरोप धाडला. ती आली ती परिचारिकेच्या पांढऱ्या कपड्यांत, दवाखान्यातून थेट.

"उद्या भंगारवाला येतोय पोरी. त्याआधी तूच घरी ने याला."

"ठेवू कुठे, काका? पलंग सरकवल्याशिवाय आमच्या खोलीचं दार उघडत नाही."

काकांनी मला ओढत अंगणात आणलं. गोणपाट सोडलं, आपल्या बाहीने पाट पुसला. "बस तर खरी. आता कोण माझी नोकरी घेतंय!"

चिमणी बसली. केवढा हरखलो मी! पण तिची पावलं सपाट जमिनीवर टेकली आणि गुडघे वर आले. तिने पाय उचलून झोका घ्यायचा प्रयत्न केला. टाचा फरफटल्या, मी कुरकुरलो आणि जागच्या जागी थांबलो.

"पाय टेकतात हो, काका," ती म्हणाली. "बाबांनी माझ्याच मापाने केला होता ना!" मग माझी साखळी गालाशी धरून ती हमसून हमसून रडली. काका दुसरीकडे तोंड करून उभे राहिले.

मित्रांनो, उद्या मला वितळवतील, त्याचं मला काही नाही. पण शहराचे नकाशे रंगवणारी मोठी माणसं भेटली, तर त्यांना माझा एक निरोप सांगा. रस्ता उशिरा झाला तरी त्यावरून चालणारे असतातच. पण बाग उशिरा झाली की जिच्यासाठी ती मागितली, ती चिमणी मोठी झालेली असते. आणि तुमच्या घराजवळ एखादा झोपाळा असेल, तर उद्यावर टाकू नका. आज संध्याकाळीच जा. तुमचे पाय अधांतरी आहेत, तोवर जा.