डॅशबोर्डमधला फोम

मित्रांनो, मी एक जुनी लाल गाडी आहे. दिसायला इतर छोट्या गाड्यांसारखीच, पण माझ्या बॉनेटखाली टर्बो इंजिन आहे. पाय जरा जोरात दाबला की बसणाऱ्याची पाठ सीटला चिकटते. कंपनीने माझ्यासारख्या मोजक्याच गाड्या काढल्या आणि दोन वर्षांत त्या काढणं बंद केलं. त्यामुळे मी जसजशी जुनी होत गेले, तसतशी माझी मागणी वाढत गेली. सिग्नलला उभी राहिले की शेजारचा मोटारसायकलवाला काचेवर टिचकी मारून विचारायचा, "देता का गाडी?" या गोष्टीचा मला फार गर्व होता. आज मी जे सांगणार आहे ते सांगताना मात्र मला लाज वाटते.

माझे पहिले मालक कृष्णकांत पाठक. धरमपेठेत राहणारे, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारे. माणूस इतका नीटनेटका की माझ्या टायरमधली हवासुद्धा दर रविवारी स्वतः तपासायचे. काचा पुसायला त्यांच्याकडे वेगळं फडकं होतं, आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे. पाच वर्षं मी त्यांच्या घरी सुखात होते.

सहाव्या वर्षी त्यांच्या मुलाने, अर्णवने, मला रिंग रोडवर पळवलं. रस्ता ओला होता. वळणावर त्याच्या हातून स्टिअरिंग सुटलं आणि मी डाव्या बाजूने दुभाजकावर जाऊन आदळले. त्याच क्षणी स्टिअरिंगमधून एक आणि डॅशबोर्डमधून दुसरी अशा दोन पांढऱ्या पिशव्या फुगून बाहेर आल्या. त्यांना एअरबॅग म्हणतात. त्यांनी अर्णवला आणि त्याच्या मित्राला वाचवलं. मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम मी त्या दिवशी केलं.

पण एअरबॅग एकदाच उघडते. मग ती नवी बसवावी लागते, आणि ती महाग असते. गॅरेजवाला म्हणाला, "सर, तुम्ही तर शहरातच चालवता. वरून कव्हर बसवून देतो, कोणाच्या बापाला कळणार नाही." कृष्णकांत बराच वेळ चष्मा पुसत उभे राहिले. मग म्हणाले, "करा तसं." गॅरेजवाल्याने जुन्या सोफ्याचा फोम कापून माझ्या डॅशबोर्डमध्ये कोंबला आणि वरून नवी कातडी ताणून बसवली. स्टिअरिंगवर नुसतं कव्हर चढवलं. एअरबॅग बिघडली की जो लाल दिवा पेटून राहतो, त्याची वायर त्याने शेजारच्या दिव्याला जोडली. चावी फिरवली की तो पेटायचा आणि सगळं ठीक असल्यासारखा आपोआप विझायचा.

त्यानंतर कृष्णकांत माझ्यात कधी नीट बसलेच नाहीत. चार महिन्यांत त्यांनी मला वर्धा रोडवरच्या मोहित नावाच्या डीलरला विकून टाकलं. चावी देताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मोहितने मला धुतलं, घासलं, चकचकीत केलं आणि दुकानाच्या सगळ्यात पुढे उभं केलं. खरं सांगते, मला ते आवडलं. लोक माझ्याभोवती फिरायचे, फोटो काढायचे. पोटात फोम आहे हे मी विसरूनच गेले.

तिथे एके दिवशी रुपराव आले. हुडकेश्वरला राहणारे, बत्तीस वर्षं एसटीची बस चालवून निवृत्त झालेले. बत्तीस वर्षं त्यांनी ठरवून दिलेल्या वेगाने बस हाकली आणि येणारी-जाणारी प्रत्येक गाडी त्यांना हॉर्न मारून पुढे गेली. अमरावती रोडवर एकदा माझ्याच जातीची एक लाल गाडी त्यांच्या बाजूने सुळकन निघून गेली होती. त्या दिवसापासून ती त्यांच्या डोक्यात बसली. माझ्याकडे येण्याआधी त्यांनी शहरातले आणखी दोन डीलर पालथे घातले होते. एकाकडची गाडी तेल पीत होती, दुसऱ्याकडच्या गाडीचे कागद धड नव्हते.

पहिल्या दिवशी त्यांनी किंमत विचारलीच नाही. नुसते माझ्याभोवती फिरले आणि निघून गेले. दुसऱ्यांदा आले तेव्हा सोबत मुलगी होती, भूमिका. ती शाळेत गणित शिकवते. रुपरावांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, खाली वाकून माझं पोट पाहिलं, तेलात बोट बुडवून वास घेतला, टायरवरचं साल वाचलं. मग डाव्या चाकावरच्या पत्र्यावरून उलटा हात फिरवला आणि थांबले.

"हा बोल्ट खोललेला आहे गा," ते मोहितला म्हणाले. "अन् इथला रंग दुसऱ्यांदा मारला आहे. मले काय येडा समजून राहिला काय?"

मोहितने लगेच मान खाली घातली. "काका, तुमच्यासारख्या माणसापासून काय लपवायचं? डाव्या साइडले थोडी लागली होती. तुमी पकडलं. आता तुमीच भाव सांगा."

रुपरावांनी भाव सांगितला. मोहितने कपाळावर हात मारला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो मोठ्याने बोलला, "हो हो, लाल गाडी आहे अजून, या तुमी टोकन घेऊन." फोनवर पलीकडे त्याचाच नोकर होता, हे मला दिसत होतं, तो मागच्या खोलीत उभा राहून बोलत होता. पण रुपरावही कच्चे नव्हते. ते शांतपणे उठले आणि म्हणाले, "मग त्याहिले देऊन टाक. चाल वं भूमिका, तर्री-पोहे खाऊ." आणि खरंच समोरच्या ठेल्यावर जाऊन पोहे खात बसले. अर्ध्या तासाने मोहित स्वतः त्यांना बोलवायला गेला. सौदा रुपरावांच्या भावात झाला.

मला घरी नेताना रुपरावांची छाती फुगली होती. "पाह्यलं काय वं? डीलरले घाम फोडला तुह्या बापानं."

भूमिका हसली. मी मात्र मनातून खचले, कारण खरं काय घडलं ते मला ठाऊक होतं. मोहितने छोटी लबाडी मुद्दाम पकडू दिली होती आणि तिच्या आड मोठी झाकली होती. रुपरावांनी बोल्ट न् बोल्ट तपासला, पण त्यांच्या बसमध्ये बत्तीस वर्षांत एअरबॅग कधी नव्हती. तिथे पाहायचं असतं हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

पुढचे पंधरा दिवस रुपराव रोज संध्याकाळी गल्लीतल्या कुणाला तरी पुढच्या सीटवर बसवून रिंग रोडला फिरवून आणायचे. शेजारचे वामनराव तर तीनदा बसले. दरवेळी पोह्यांच्या ठेल्याची गोष्ट नव्याने सांगितली जायची, आणि दरवेळी भाव आणखी थोडा खाली आलेला असायचा. त्या सीटसमोर फोम आहे, हे फक्त मला माहीत होतं.

मग माझ्या एसीच्या झडपेतून करकर आवाज यायला लागला. मेकॅनिकने डॅशबोर्ड उघडला. आतून मळका पिवळा फोम निघाला. रुपराव शेजारीच उभे होते. त्यांनी बोटाने फोम दाबला. तो दबला आणि पुन्हा वर आला. मेकॅनिकने सगळं समजावून सांगितलं, दिव्याची वायरही दाखवली. रुपरावांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ते एवढंच म्हणाले, "बंद करून दे पहिले. कोनी पाहीन."

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन मोहितकडे गेले. मोहित जराही गडबडला नाही. चहा मागवला.

"काका, तुमी सगळी गाडी पाहिली. एअरबॅगचं विचारलं काय? नाही ना? मग मी खोटं कुठं बोललो?" मग आवाज हळू करून म्हणाला, "टेन्शन कायले घेता? या गाडीले गिऱ्हाइकाची कमी आहे काय? विकून मोकळे व्हा ना तुमीबी."

रुपराव चहा न पिताच घरी परतले. तक्रार करायची तर सगळ्या गल्लीला कळलं असतं की डीलरला घाम फोडणारा माणूसच फसला. ही लाज त्यांना फार मोठी वाटली. भूमिका म्हणाली, "बाबा, एअरबॅग नव्या बसवून घेऊ. थोडे दिवस थांबू." त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि दोन दिवसांनी माझी जाहिरात टाकली.

जाहिरात पाहून दुसऱ्याच दिवशी मनीषनगरहून एक जोडपं आलं, आर्यन आणि वैदेही. आर्यन मला पाहून इतका हरखला की भाव करायचंच विसरला. रुपराव मात्र पक्के डीलर झाले होते. "दुसरी पार्टी संध्याकाळी येऊन राहिली," ते म्हणाले. डाव्या पत्र्यावरचा रंग त्यांनी स्वतःच दाखवला आणि म्हणाले, "थोडी लागली होती. मी लपवत नाही." मोहितची वाक्यं त्यांच्या तोंडून ऐकताना माझ्या अंगावर काटा आला असता, जर मला अंग असतं तर.

वैदेही पुढच्या सीटवर बसली. तिने पट्टा लावून पाहिला. मग डॅशबोर्डवर हात ठेवून विचारलं, "काका, याला एअरबॅग आहेत ना? मी रोज बुटीबोरीला नोकरीला जाते. हायवे आहे, म्हणून विचारते."

भूमिका चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. ती तिथेच थांबली.

"आहेत ना," रुपराव म्हणाले.

आर्यनने टोकन दिलं. चहा पिऊन दोघं आनंदात निघून गेली. भूमिकाने कप उचलले आणि आत गेली. वडिलांकडे तिने पाहिलंही नाही.

रुपराव माझ्यात येऊन बसले. दार लावून घेतलं. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. मग स्वतःशीच म्हणाले, "मोहितले मी विचारलं नव्हतं. तिनं तं मले विचारलं."

ते खाली उतरले आणि त्यांनी आत हाक मारली. "भूमिका, चाल वं. मनीषनगरले जाऊ."

"आता काहून?"

"तू सोबत असली तं मले अर्ध्या रस्त्यातून परत फिरता येनार नाही."

आम्ही तिघं गेलो. ऊन कलत होतं. इमारतीच्या फाटकाशी मला उभं करून रुपरावांनी आर्यनला खाली बोलावलं. वैदेहीही आली. रुपरावांनी टोकनचे पैसे पुढे केले आणि उभ्याने सगळं सांगितलं: अपघात, फोम, वायर, आणि आपण जाणूनबुजून बोललेलं खोटं. आर्यन भडकला. "बापाच्या वयाचे म्हणून विश्वास ठेवला तुमच्यावर!" तो ओरडला. वरच्या गॅलरीत लोक येऊन उभे राहिले. वॉचमन खुर्ची सोडून जवळ आला. रुपरावांनी मान वर केली नाही आणि आपली बाजू मांडली नाही. आपणही फसलो होतो, हेसुद्धा बोलले नाहीत.

वैदेही ओरडली नाही. ती म्हणाली, "काका, मी तुम्हाला सरळ विचारलं होतं."

"हो बाई. विचारलं होतं."

एवढंच. त्या हळू आवाजाचा मार आर्यनच्या ओरडण्यापेक्षा जास्त लागला, हे मला रुपरावांच्या चालीवरून कळलं. त्यांनी चावी भूमिकाला दिली आणि स्वतः पुढच्या डाव्या सीटवर, त्या फोमसमोर, जाऊन बसले.

"तिथं नका बसू बाबा," ती म्हणाली.

"बसू दे. हळू चालव."

त्यानंतरचं काम जास्त कठीण होतं. ज्यांना ज्यांना त्यांनी हौसेने फिरवलं होतं, त्या सगळ्यांच्या घरी ते एकेक करून गेले आणि खरं सांगून आले. वामनराव हसले नाहीत. "तीन डाव बसवलं ना मले," एवढं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं, आणि महिनाभर ते बोलले नाहीत. कंपनीने माझं मॉडेल बंद केलेलं असल्याने नव्या एअरबॅग यायला दोन महिने लागले. तोवर मी कव्हराखाली उभी होते. रुपराव बाजारहाटाला सायकलवर जायचे. मला कुणी पळवत नव्हतं, कुणी फोटो काढत नव्हतं. पण मला एकटं वाटलं नाही. माझ्या पोटातला फोम निघून त्याच्या जागी खरी वस्तू बसली, त्या दिवसापासून मला माझ्या चकाकीची लाज वाटेनाशी झाली.

कृष्णकांतांचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. मोहितचं दुकान जोरात चालू आहे. आणि लोक अजूनही सिग्नलला काचेवर टिचकी मारून "देता का?" म्हणून विचारतात. रुपराव मला विकणार नाहीत, पण विचारणाऱ्याला ते आधी सगळं सांगून टाकतात. कुणी विचारलं नसलं तरी सांगतात. सांगताना त्यांचा आवाज अजूनही खाली जातो आणि कान लाल होतात. सिग्नल हिरवा होतो, मागचे हॉर्न वाजवतात, तरी ते वाक्य पूर्ण करूनच मला हलवतात.

मित्रांनो, आम्हाला धुवा, पुसा, आमचं तेलपाणी वेळेवर करा, हे तर आहेच. पण त्याहून मोठी एक विनंती आहे. आम्हा वस्तूंना बोलता येत नाही. मी इतक्या लोकांसमोर सजून उभी राहिले आणि एकालाही सावध करू शकले नाही. आमच्याबद्दल कुणी काही विचारलं, तर आमच्या वतीने उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. विचारणारा माणूस आमच्यात बसणार असतो. तेव्हा ते खरं द्या.